डावा मिळाला, उजवा नाही

ग्रॅच्युइटीच्या बदल्यात शेठनं गाडी दिली.
लान्सर, दोन हजार एक, पेट्रोल,
सीटखाली टॉवेलच्या गाठींची जुनी चलनं.
त्याच आठवड्यात छत्तीस माग किलोवर गेले.
मी किर्द मिटली, किल्ली घेतली.

इंजिनाबद्दल तक्रार नाही.
हैदराबाद रोडला तिसऱ्या गियरात ती अशी उठते
की शेजारी बसलेली आई
देवाचं नाव अर्ध्यावर सोडते.

पण तुळजापूरचा घाट उतरताना
पेडल मऊ पडलं, आमटीत भिजलेल्या कडक भाकरीसारखं,
आणि पायाखाली गेलं ते गेलंच.
दुसरा गियर, हँडब्रेक, कठड्याचा पांढरा चुना.
मी दगड शोधेपर्यंत आईनं
प्रसादाचा नारळ चाकाखाली सारला होता.

नवे पार्ट नाहीत. शोरूमच्या जागी मंगल कार्यालय आहे.
पुण्याच्या माणसानं फोनवर किंमत सांगितली
आणि मी हसेन म्हणून थांबला.

होटगी रोडला हाजीमलंग नदाफांच्या भंगारात
एका सेडियाच्या दोन डिस्क निघाल्या, ताटाएवढ्या,
आणि कॅलिपर. डावा.
"उजवा गुलबर्ग्याला गेला की वो गेल्या साली.
डावा कुणालाच नको होता."

तीन आठवडे मी उजव्याच्या मागावर.
इंडी, विजापूर, लातूर.
शेवटी जहीराबादहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरला,
पोत्याच्या सुतळीनं बांधलेला, उडदाची टरफलं चिकटलेला.

डिस्क न्यायच्या दिवशी मी विचारलं,
ही सेडिया तुमच्याकडं आली कशी?
जिला थांबता आलं नाही, तिचे ब्रेक
मी माझ्या गाडीला लावायचे?

नदाफांनी चष्मा कपाळावर नेला.
"ती थांबली होती, बहेन.
मागचा ट्रक थांबला नाही."

घासाघीस न करता पैसे मोजले.
सुताच्या दरासाठी आयुष्यभर केलेली मी.

ब्रॅकेट केले नरसय्या म्याकलनं.
त्याच्या लेथवर पूर्वी मागांचे सुटे भाग व्हायचे.
"अक्का, तेरा इंची रिममंदी हे मावत नाही, पंधरा बघा.
आनि हबला दोन मिलिमीटर खायला लागतंय."
लोखंडाचा कीस वळत खाली पडत होता,
त्याकडं बघतच म्हणाला,
"मागाला बी ब्रेक असतंय की.
आडवा धागा तुटला की काटा पडतो,
आख्खा माग जागच्या जागी उभा.
एका धाग्यासाठी."

बावीस वर्षं मी त्या मागांचे पगार लिहिले.
थांबलेला माग माझ्या वहीत
नुकसानीखाली यायचा.

हवा काढायची रात्र. तो चाकाशी, मी पेडलवर.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
सोडू नको म्हंतो ना, अक्का!
नळीतून बुडबुडे, मग काळं तेल, मग कमी काळं,
मग मधासारखं.
पेडल वर आलं. पायाला पहिल्यांदाच
कुणीतरी खालून उत्तर दिलं.

पॅड डिस्कवर बसवावे लागतात, तो म्हणाला.
ऐंशीवरनं वीसवर, दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही मातर.
आनि गार होईस्तोवर हँडब्रेक नको, पाय पण नको.

अक्कलकोट रोड, पहाट, दोन्ही बाजूंना तूर.
दहा वेळा मी थांबायला निघाले
आणि थांबले नाही.
काचा उघड्या, तरी आत करपल्याचा वास.

मग सपाट जागा बघून गाडी सोडून दिली.
न्यूट्रल. इंजिन बंद. मी सीटवर मांडी घालून.
डिस्क टिकटिकत निवत होत्या.
दाराच्या काचेत मैलाचा दगड पूर्ण दिसत होता.
जरा वेळानं अर्धा.

याच रस्त्यानं रोज कामाला गेले.
इथं उतार आहे, सुतभर,
हे आज कळतंय.

नारळ नाही सोबत.
पाय अजून खाली घेतलेला नाही.